डेटाबेसचे नियम चित्रात मांडणं आणि दुसऱ्यांना देणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक आणि आसपास मी डेटाबेसची कामं करतो. पिंपळगाव-दिंडोरीकडची द्राक्षांची पॅकहाउसं, कांद्याचे व्यापारी, अंबड-सातपूरमधले छोटे कारखाने. "अमुक झालं की आपोआप तमुक व्हावं" ही मागणी सगळ्यांचीच असते. ती कागदावर कशी मांडायची आणि दुसऱ्या शाखेला किंवा संस्थेला कशी द्यायची, यावर फोनवर आणि व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. ट्रिगर (टेबलमध्ये काही बदललं की डेटाबेस आपोआप चालवतो तो कोड) लिहायची सवय असेल तर प्रश्न ८ पासून वाचलंत तरी चालेल, पण प्रश्न ३ सोडू नका.

१. घटनेवर चालणारा नियम म्हणजे नेमकं काय?

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाकाठचे दुकानदार नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. पाणी पायाशी आहे, कमरेला लागलंय की छातीपर्यंत चढलंय, त्यावरून माल माळ्यावर टाकायचा की दुकानच बंद करायचं ते ठरतं. यात तीन गोष्टी आहेत. पाणी चढलं ही घटना, कुठवर चढलं ही अट, माल हलवला ही कृती.

डेटाबेसमध्येही हेच तीन भाग असतात. टेबलमध्ये नवी ओळ आली, असलेली बदलली किंवा पुसली गेली, ही घटना. त्या ओळीतल्या आकड्यांवर किंवा तारखांवर अट. आणि मग कृती: दुसऱ्या टेबलमध्ये नोंद करणं, आलेली नोंद नाकारणं, कुणाला तरी कळवणं. अट नसली तरी नियम उभा राहतो, घटना आणि कृती मात्र लागतातच.

मारुतीची मूर्ती सगळ्यांना दिसते, ती वाचायला कुणाला शिकावं लागत नाही, आणि पंचवटीतला माणूस नि सराफ बाजारातला माणूस तिचा अर्थ एकच लावतात. नियमाच्या चित्राकडून माझी एवढीच अपेक्षा असते.

२. म्हणजे ट्रिगरच ना? "नियम" हा वेगळा शब्द कशाला?

नियम धंद्याचा असतो, ट्रिगर डेटाबेसचा. "उधारी ठरलेल्या रकमेवर गेली की नवं बिल होऊ नये" हा नियम झाला. तो अमलात आणायला एक ट्रिगर पुरेल, तीन लागतील किंवा एकही लागणार नाही. रकाना रिकामा राहू नये, आकडा शून्याखाली जाऊ नये अशा साध्या गोष्टींना टेबलवरची साधी बंधनं पुरतात. तिथे ट्रिगर लिहू नका.

घटना, अट आणि कृती ही मांडणी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हायपॅक या संशोधन प्रकल्पातून पुढे आली. त्याच सुमारास बर्कलीचं पोस्टग्रेस आणि आयबीएमचं स्टारबर्स्ट या डेटाबेसांतही नियमांवर काम चालू होतं. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या अधिकृत प्रमाणात ट्रिगर आले ते १९९९ साली. तोवर प्रत्येक डेटाबेसने आपापली पद्धत रुजवली होती. त्याचा त्रास आपण आजही काढतो, तो प्रश्न १४ मध्ये आहे.

३. चार ओळींचा ट्रिगर लिहिला की काम होतं. चित्र काढण्यात वेळ का घालवायचा?

कारण नियम ज्याला माहीत आहे त्याला ट्रिगर वाचता येत नाही, आणि ज्याला ट्रिगर लिहिता येतो त्याला नियम अर्धाच माहीत असतो.

एका पॅकहाउसचं उदाहरण सांगतो. द्राक्षांवर औषध मारल्यापासून काढणीपर्यंत किमान किती दिवस जायला हवेत ते औषधाच्या लेबलवर दिलेलं असतं; सगळे त्याला पीएचआय म्हणतात. मला नियम सांगितला होता तो असा: लॉट आत आला की त्या प्लॉटची शेवटची फवारणी बघायची, दिवस भरले नसतील तर लॉट अडवायचा. मी लॉटच्या टेबलवर ट्रिगर लिहिला, नमुन्याच्या नोंदी टाकून पाहिला, नीट चालला. सोमवारी तो चालू करायचा होता.

शनिवारी मी तो नियम कागदावर काढून पॅकिंग हॉलमधल्या सुपरवायझर ताईंसमोर ठेवला. डावीकडे "लॉटची आवक नोंदवली" असा चौकोन, मधे अटीचा चौकट, उजवीकडे "लॉट अडवा". त्यांनी कात्री बाजूला ठेवली, डाव्या चौकोनावर बोट ठेवलं आणि विचारलं, "दादा, अन् फवारणीची चिठ्ठी मागून आली तर?"

चिठ्ठी मागून येते हे मला माहीतच नव्हतं. शेतकरी सकाळी माल पाठवतो आणि फवारणीची चिठ्ठी दोन दिवसांनी कुणाच्या तरी हाती देतो. तोवर लॉट पॅक होऊन शीतगृहात गेलेला असतो. नियम एकच होता, पण तो मोडू शकणाऱ्या घटना दोन होत्या: लॉट येणं आणि फवारणीची नोंद येणं. पुढे बोलता बोलता तिसरीही निघाली, आधी नोंदवलेली फवारणीची तारीख दुरुस्त होणं. माझा ट्रिगर फक्त पहिल्या घटनेवर बसला होता. तो बरोबर लिहिलेला होता, म्हणून तपासणीतही काही सापडलं नसतं.

त्या कागदावर डावीकडे एकच चौकोन होता, म्हणून तो प्रश्न आला. ट्रिगरच्या ओळी समोर ठेवल्या असत्या तर ताईंनी "बरं" म्हणून मान हलवली असती. तेव्हापासून मी कोणताही नियम काढताना आधी एक गोष्ट करतो: अटीत ज्या ज्या टेबलांची नावं येतात त्या प्रत्येकासाठी डावीकडे एक रिकामा चौकोन काढून ठेवतो आणि विचारतो, इथे काही बदललं तर?

४. चित्राचे प्रकार किती? आम्ही कुठला वापरायचा?

चार प्रकार कामाचे आहेत, आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

बाणांचं प्रवाहचित्र समजायला सगळ्यात सोपं. घटना डावीकडे, कृती उजवीकडे, मधे अट. एका नियमाला हे उत्तम. नियम दहा झाले की त्याच कागदाचं जाळं होतं आणि कुणीच वाचत नाही.

अटी जास्त असतील तर निर्णयतक्ता घ्या. मला हा प्रकार सगळ्यात जास्त आवडतो, कारण आपल्याकडच्या माणसांना खतावणी आणि तक्ते वाचायची सवय आहे. वरचाच पीएचआयचा नियम तक्त्यात असा दिसतो:

| फवारणीची चिठ्ठी | पीएचआयचे दिवस भरले | काय करायचं |
|---|---|---|
| आहे | हो | लॉट पॅकिंगला सोडा |
| आहे | नाही | लॉट अडवा, सुपरवायझरला कळवा |
| नाही | सांगता येत नाही | लॉट प्रतीक्षेत ठेवा |

तिसरी ओळ बघा. तोंडी नियम सांगताना ती कुणीच बोललं नव्हतं. तक्ता भरायला बसलं की रिकामी घरं डोळ्यांना खुपतात आणि मग माणसं बोलतात. या ओळीचं महत्त्व प्रश्न ११ मध्ये पुन्हा येईल.

तिसरा प्रकार अवस्थाचित्राचा. लॉट प्रतीक्षेत, अडवलेला, पॅकिंगमध्ये, शीतगृहात, रवाना. एकच वस्तू अनेक टप्प्यांतून जात असेल तर हे काढा. एखाद्या टप्प्यातून बाहेर पडायला बाणच नाही, हे त्यात लगेच कळतं.

चौथा, नियमांचा आपसातला नकाशा. कुठला नियम कुठल्या नियमाला जागं करतो, एवढंच त्यात दाखवायचं. तो ग्राहकासाठी नाही, आपल्यासाठी आहे. प्रश्न ९ पाहा.

५. यासाठी कोणती साधनं आहेत? फुकटातलं काय चालेल?

पहिली दोन-तीन चित्रं कागदावरच काढा. पेन्सिल आणि खोडरबर हातात असला की समोरचा माणूस मोकळेपणाने बदल सुचवतो. स्क्रीनवरच्या सुबक चित्राला हात लावायला तो कचरतो.

पीजीॲडमिन, पीएचपीमायॲडमिन आणि मायएसक्यूएल वर्कबेंच यांत ट्रिगर बनवायचे फॉर्म आहेत. घटना कोणती, आधी की नंतर, एवढं तिथे निवडता येतं. कृती मात्र हातानेच लिहावी लागते. ही सोय चांगली आहे, पण ते चित्र नव्हे. ईआर डायग्राममध्ये टेबलं आणि त्यांची नाती दिसतात, नियम दिसत नाहीत.

नुसतं रेखाटायचं असेल तर ड्रॉ डॉट आयओ पुरे. मर्मेडमध्ये साध्या मजकुरावरून चित्र तयार होतं, त्यामुळे कालच्या आणि आजच्या चित्रातला फरक ओळीओळीने तपासता येतो. मी बहुतेक हेच वापरतो. निर्णयतक्त्यासाठी डीएमएन नावाचं प्रमाण आहे, २०१५ साली ओएमजी या संस्थेने त्याची पहिली आवृत्ती काढली. कामुंडा मॉडेलरमध्ये असा तक्ता विनामूल्य काढता येतो.

चित्र काढलं की तेच चालू व्हावं असं वाटत असेल तर नोड-रेड पाहा. आयबीएममध्ये २०१३ साली सुरू झालेलं हे मुक्त साधन आहे: डबे ओढायचे, तारा जोडायच्या, चालू करायचं. कारखान्यातल्या मशिनच्या आणि शीतगृहातल्या सेन्सरच्या नोंदींसाठी ते फार उपयोगी पडतं. ऑफिसमध्ये मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस असेल तर त्यात २०१० पासून डेटा मॅक्रो आहेत. नोंद बदलण्याआधी किंवा नवी नोंद आल्यावर काय करायचं ते ठोकळ्यांनी मांडता येतं, लिहावं लागत नाही.

६. नियम डेटाबेसच्या आत ठेवायचा की नोड-रेडसारख्या बाहेरच्या साधनात?

नोंद चुकीची असेल तर ती आत येताच कामा नये, असा नियम डेटाबेसमध्येच हवा. बाहेरच्या साधनाला कळेपर्यंत नोंद आत आलेली असते, आणि दुसरं कुणी थेट टेबलमध्ये लिहिलं तर त्याला कळतही नाही.

एसएमएस, मेल, व्हॉट्सॲप, छपाई ही कामं मात्र बाहेर ठेवा. ट्रिगर हा मूळ व्यवहाराचाच (ट्रान्झॅक्शनचा, म्हणजे एकत्रच पक्क्या किंवा एकत्रच रद्द होणाऱ्या बदलांचा) भाग असतो. व्यवहार शेवटी रद्द झाला तर ट्रिगरने टेबलांत केलेले बदलही मागे घेतले जातात, पण गेलेला एसएमएस परत येत नाही. एका शेतकऱ्याला "तुमचा लॉट अडवला" असा निरोप गेला आणि डेटाबेसमध्ये त्या लॉटची नोंदच नव्हती, हे मी पाहिलं आहे. ते दादा पंचवीस किलोमीटर गाडी काढून आले होते.

मधला मार्ग सोपा आहे. ट्रिगरने "पाठवायचे निरोप" नावाच्या टेबलमध्ये फक्त एक ओळ लिहायची. व्यवहार रद्द झाला तर ती ओळही जाते. बाहेरचं साधन ते टेबल ठरावीक वेळाने वाचतं, निरोप पाठवतं आणि ओळीवर खूण करतं. पोस्टग्रेसमध्ये नोटिफायचीही सोय आहे. तो संदेश व्यवहार पक्का झाल्यावरच निघतो. पण त्या क्षणी ऐकणारं कुणी जोडलेलं नसेल तर तो हरवतो, म्हणून टेबल ठेवाच आणि नोटिफायचा उपयोग फक्त हाक मारण्यापुरता करा.

७. नियमांची आणि रकान्यांची नावं मराठीत ठेवता येतात का?

येतात, पण लांबी सांभाळावी लागते. पोस्टग्रेसमध्ये नावाला ६३ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त यांची मोजणी वेगळी होते. "द्राक्ष" हा एवढासा शब्द ७ चिन्हांचा, म्हणजे २१ बाइटचा. असे तीन शब्द झाले की मर्यादा संपली. त्यापुढचं नाव एक सूचना देऊन कापलं जातं, आणि कापल्यानंतर दोन नावं सारखी निघाली की गोंधळ उडतो.

मी चित्रातली सगळी नावं मराठीत ठेवतो, डेटाबेसमधली छोटी रोमन. पोस्टग्रेसमध्ये ट्रिगरला शेरा जोडता येतो, त्यात पूर्ण मराठी वाक्य लिहितो: "फवारणीची नोंद आली की त्या प्लॉटचे लॉट पुन्हा तपास." पुढच्या माणसाला तो शेरा फार उपयोगी पडतो.

८. एकाच घटनेवर दोन नियम असतील तर आधी कुठला चालतो?

हे डेटाबेसगणिक बदलतं. पोस्टग्रेसमध्ये एकाच प्रकारचे ट्रिगर नावाच्या वर्णक्रमाने चालतात. मायएसक्यूएलमध्ये बनवले त्या क्रमाने, ५.७ पासून "याच्या नंतर", "याच्या आधी" असं सांगता येतं, त्याआधी एका घटनेवर त्या वेळेचा दुसरा ट्रिगर लावताच येत नव्हता. एसक्यूएल सर्व्हरमध्ये पहिला कोण आणि शेवटचा कोण एवढंच ठरवता येतं, मधल्यांचा क्रम आपल्या हाती नाही. ओरॅकलमध्ये ११जी पासून क्रम सांगायची सोय आहे.

चित्रात आपण वरून खाली काढतो आणि वाचणारा तोच क्रम धरून चालतो. डेटाबेसला चित्रातलं वर-खाली माहीत नसतं. म्हणून पोस्टग्रेसमध्ये मी ट्रिगरच्या नावातच आकडा घालतो, ०१०, ०२०, ०३० असा, आणि तोच आकडा चित्रातल्या डब्यावर लिहितो. दहा-दहाचं अंतर अशासाठी, की मधे नवा नियम आला तर सगळ्यांची नावं बदलावी लागू नयेत.

९. एक नियम दुसऱ्याला चालवतो, दुसरा पहिल्याला. हे थांबवायचं कसं?

प्रश्न ४ मधला चौथा नकाशा काढा. प्रत्येक नियमाला एक गोल. पहिल्या नियमाची कृती जर दुसऱ्या नियमाची घटना असेल, तर पहिल्याकडून दुसऱ्याकडे बाण. सगळे बाण काढून झाल्यावर बोट फिरवून बघा: निघालेल्या जागी परत येता का? एकही फेरा सापडला नाही तर तुमचे नियम नक्की थांबतात. फेरा सापडला तर ते थांबणार नाहीतच असं नाही, पण कशामुळे थांबतात ते तुम्हाला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

कांद्याच्या एका व्यापाऱ्याकडे गोदामातला साठा बदलला की एकूण साठ्याचं टेबल बदलायचं, आणि एकूण साठा बदलला की प्रत्येक गोदामाची टक्केवारी पुन्हा काढून त्याच गोदामाच्या टेबलमध्ये लिहायची, असं दोघांनी वेगवेगळ्या वर्षी लिहून ठेवलेलं होतं. दोन्ही ट्रिगर आपापल्या जागी बरोबर. नकाशा काढला तेव्हा दोन गोल आणि दोन बाण एवढंच चित्र झालं, आणि दोष समोर दिसला. टक्केवारी साठवण्याची गरजच नव्हती; वाचताना हिशोब करणारा व्ह्यू केला आणि एक बाण गेला.

फेरा ठेवणं भागच असेल तर अटीत "किंमत खरोखर बदलली असेल तरच" हे घाला. नुसतं अपडेट झालं म्हणजे आकडा बदललाच असं नसतं. डेटाबेस स्वतःही काही अडवणूक करतात: एसक्यूएल सर्व्हर ३२ पातळ्यांनंतर थांबवतो, आणि मायएसक्यूएलमध्ये ज्या टेबलवर ट्रिगर चालू आहे तेच टेबल त्यातून बदलायला गेलात तर चूक दाखवून व्यवहार नाकारतो. पण ती शेवटची भिंत आहे, तिच्या भरवशावर नियम लिहू नका.

१०. एक्सेलमधून हजार ओळी एकदम आत घेतल्या तर नियम एकदा चालतो की हजार वेळा?

चित्रात हे दाखवायचं सगळे विसरतात, आणि इथेच घोडं पेंड खातं. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटमध्ये ट्रिगर प्रत्येक ओळीला चालतो, दुसरा पर्यायच नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये उलट: सगळ्या आदेशासाठी एकदाच चालतो आणि आलेल्या सगळ्या ओळी एका तात्पुरत्या टेबलमध्ये देतो. तिथे "एकच ओळ आली आहे" असं गृहीत धरून लिहिलेला ट्रिगर हाताने एकेक नोंद भरताना वर्षभर नीट चालतो, आणि ज्या दिवशी आवकेची अख्खी यादी एकदम भरली त्या दिवशी एकाच ओळीचा हिशोब करून गप्प बसतो. पोस्टग्रेस आणि ओरॅकलमध्ये दोन्ही पर्याय आहेत. पोस्टग्रेसमध्ये १० व्या आवृत्तीपासून आदेशागणिक ट्रिगरलाही बदललेल्या सगळ्या ओळी मिळतात.

घटनेच्या डब्याच्या कोपऱ्यात मी एक रेघ काढतो तेव्हा "ओळीगणिक", आणि तीन रेघा काढतो तेव्हा "आदेशागणिक". खूण तुम्हाला सुचेल ती ठेवा, पण ठेवा.

११. नियम आहे, चित्र आहे, तरी चाललाच नाही. कुठे पाणी मुरतंय?

सगळ्यात आधी रिकामे रकाने तपासा. तारीख रिकामी असेल तर "तारखेतलं अंतर १५ पेक्षा कमी आहे का" याचं उत्तर डेटाबेस हो देत नाही आणि नाहीही देत नाही. "माहीत नाही" असं देतो. "माहीत नाही" म्हणजे अट पूर्ण झाली नाही, म्हणजे कृती नाही. पीएचआयच्या नियमात याचा अर्थ असा की ज्या लॉटची फवारणीची माहितीच नाही, तो लॉट बिनबोभाट पुढे गेला. प्रश्न ४ च्या तक्त्यातली तिसरी ओळ लिहिली नसती तर हेच झालं असतं. माझ्याकडे येणाऱ्या अशा तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं.

त्यानंतर, नोंद कुठल्या वाटेने आली ते बघा. ट्रंकेटने टेबल रिकामं केलं तर डिलीटवरचा ट्रिगर चालत नाही. मायएसक्यूएल ८.० मध्ये मूळ नोंद पुसल्यामुळे तिच्याशी जोडलेल्या नोंदी आपोआप पुसल्या गेल्या, तर त्या नोंदींवरचे ट्रिगर चालत नाहीत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये बल्क इन्सर्टने भरलं आणि ट्रिगर चालव असं वेगळं सांगितलं नाही, तर चालत नाहीत. गूगल शीट वापरत असाल तर तिथला संपादनावरचा साधा ट्रिगर माणसाने हाताने बदल केला तरच चालतो; दुसऱ्या स्क्रिप्टने किंवा सूत्राने आकडा बदलला तर नाही.

आणि एक साधी गोष्ट: नियम लावण्याआधीच्या नोंदींना तो लागू होत नाही. प्रश्न १७ पाहा.

१२. "अर्धा तास तापमानाची नोंदच आली नाही तर कळवा", हा नियम कसा काढायचा?

काहीच न घडणं ही ट्रिगरच्या लेखी घटना नाही. नोंद आलीच नाही तर त्याला जागं कोण करणार? द्राक्षांच्या शीतगृहात तापमान शून्य अंशाच्या आसपास राखतात. "तापमान वाढलं की कळवा" हा ट्रिगर तिथे सगळे लावतात. पण लाईट गेली आणि सेन्सरच बंद पडला, तर वाढलेलं तापमान नोंदवलंच जात नाही आणि सगळं शांत असतं. ती शांतताच धोक्याची.

त्यासाठी घड्याळ लागतं. मायएसक्यूएलमध्ये इव्हेंट शेड्युलर आहे, पोस्टग्रेससाठी पीजी-क्रॉन, नाहीतर साधा क्रॉन. दर पाच मिनिटांनी शेवटच्या नोंदीची वेळ बघायची. हे घड्याळ त्याच लाईटवर चालणाऱ्या त्याच खोलीतल्या संगणकावर ठेवू नका. चित्रात घटनेच्या जागी घड्याळाचं चिन्ह काढा. बीपीएमएन या कामाचे टप्पे चित्रात मांडायच्या प्रमाणातही वेळेच्या घटनेला हेच चिन्ह आहे.

१३. आमचे नियम दुसऱ्या पॅकहाउसला द्यायचेत. काय पाठवू?

चित्राचा फोटो पाठवून भागत नाही. त्यात बदल करता येत नाही, आणि महिन्याने तो कुठल्या आवृत्तीचा होता ते कुणाला आठवत नाही. ज्यातून चित्र पुन्हा तयार होतं ती फाइल पाठवा. नोड-रेडचा प्रवाह जेसनमध्ये निघतो, डीएमएनचा तक्ता एक्सएमएलमध्ये, मर्मेडचं चित्र साध्या मजकुरात. ॲक्सेसचा मॅक्रो निवडून नोटपॅडमध्ये चिकटवलात तर त्याचाही एक्सएमएल मिळतो, आणि तो दुसऱ्या संगणकावर परत चिकटवता येतो. हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

पण खरी अडचण शब्दांची असते. तुमच्याकडे "आवक" म्हणजे गाडी गेटवर आली, त्यांच्याकडे "आवक" म्हणजे वजन होऊन नोंद पडली. तुमचा "लॉट" एका प्लॉटचा, त्यांचा एका गाडीचा. नियम जसाच्या तसा उचलला तर चालेल, आणि चुकीचा चालेल. म्हणून नियमांसोबत एक पानभर शब्दसूची द्या: प्रत्येक घटना नेमक्या कोणत्या क्षणी घडली असं मानायचं ते तिच्यात लिहा. जोडीला पाच-सहा नमुना नोंदी आणि प्रत्येकीवर नियमाने काय करायला हवं ते. घेणारा आपल्याकडे त्या नोंदी टाकून बघेल आणि पाच मिनिटांत त्याला फरक कळेल.

पाठवण्याआधी एकदा शोध घ्या. नोड-रेडमध्ये पासवर्डच्या ठरलेल्या जागी भरलेले पासवर्ड बाहेर काढलेल्या फाइलमध्ये येत नाहीत, पण फंक्शनच्या डब्यात हाताने लिहिलेले येतात. शेतकऱ्यांची नावं आणि मोबाइल नंबर नमुना नोंदींत राहू देऊ नका.

१४. पोस्टग्रेससाठी लिहिलेला ट्रिगर मायएसक्यूएलमध्ये चालेल?

नाही. पोस्टग्रेसमध्ये ट्रिगरची कृती वेगळ्या फंक्शनमध्ये असते, मायएसक्यूएलमध्ये ट्रिगरच्याच आत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये "आधी" चालणारा ट्रिगर मुळात नाही, "ऐवजी" चालणारा आहे. क्रमाचे फरक प्रश्न ८ मध्ये, ओळींचे १० मध्ये. दोन संस्थांचे डेटाबेस वेगळे असतील तर तक्ता, शब्दसूची आणि नमुना नोंदी द्या, ट्रिगर त्यांना त्यांचा लिहू द्या.

१५. चित्र एक सांगतं आणि डेटाबेस दुसरंच करतो. खरं कोण?

चालू आहे ते खरं, आणि म्हणूनच काळजी. घाईच्या दिवशी कुणीतरी थेट ट्रिगर बदलतो, चित्र भिंतीवर तसंच राहतं. सहा महिन्यांनी नवा माणूस चित्रावर विश्वास ठेवतो.

डेटाबेसलाच विचारा. इन्फर्मेशन स्कीमामध्ये, म्हणजे डेटाबेस स्वतःबद्दलची माहिती ठेवतो तिथे, ट्रिगरची यादी असते: कुठल्या टेबलवर, कुठल्या घटनेला, आधी की नंतर. तिच्यावरून मर्मेडचा मजकूर तयार करणारी छोटी स्क्रिप्ट मी दर रविवारी रात्री चालवतो आणि मागच्या आठवड्याच्या मजकुराशी ताडतो. पोस्टग्रेसमध्ये त्या यादीत ट्रंकेटवरचे ट्रिगर येत नाहीत, ते वेगळे मागवावे लागतात. अशा चित्रात घटना आणि क्रम बरोबर येतात. अटीमागचं कारण येत नाही. ते माणसानेच लिहायचं, प्रश्न ७ मध्ये सांगितलेल्या शेऱ्यात.

१६. नवा नियम चालू करण्याआधी तपासायचा कसा?

पहिला आठवडा त्याला काही करू देऊ नका, फक्त लिहू द्या. "मी असतो तर हा लॉट अडवला असता" एवढीच नोंद वेगळ्या टेबलमध्ये. रोज संध्याकाळी ती यादी प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाला दाखवा. हंगामाच्या ऐन भरात, फेब्रुवारी-मार्चमध्ये, यापेक्षा वेगळ्या पद्धतीने मी काहीही चालू करत नाही.

१७. नियम बदलला. जुन्या नोंदींचं काय करायचं?

नियमाला "केव्हापासून" ही तारीख द्या आणि ती चित्रावर लिहा. जुन्या नोंदी नव्या नियमाने तपासायच्या असतील तर ते वेगळं, एकदाच करायचं काम आहे; सगळ्या ओळी खोटंच अपडेट करून ट्रिगर जागे करू नका. तसं केलंत तर त्या टेबलवरचे बाकीचे नियमही जागे होतात आणि निरोपांचा पाऊस पडतो.

१८. मालक म्हणतात, "या एका लॉटपुरता नियम बाजूला ठेव." काय करू?

ट्रिगर बंद करू नका. बंद केलेला ट्रिगर सगळ्यांसाठी बंद होतो, आणि त्या दहा मिनिटांत दुसऱ्या काउंटरवरून आलेले लॉटही तपासल्याशिवाय आत जातात. पुन्हा चालू करायचं राहून गेलं तर विचारायलाच नको.

अपवादाचं एक टेबल करा: कुठला लॉट, कुणी सोडला, कारण काय, कधीपर्यंत. अटीत त्या टेबलकडे एक नजर टाकायची. चित्रात अटीच्या बाजूला एक छोटं दार काढा आणि त्याची किल्ली कुणाकडे ते लिहा. अपवाद दिसू लागले की तेही काही शिकवतात. एका कारखान्यात महिन्याभरात एकाच अटीला बावीस अपवाद पडले, तेव्हा अटच चुकीची होती हे कळलं आणि आम्ही ती बदलली.

पीएचआयच्या नियमाला मात्र मी दार काढलं नाही. तो माल कुणीतरी खाणार आहे. त्या पॅकहाउसच्या मालकांनी विचारलं तेव्हा मी त्यांना आणि सुपरवायझर ताईंना समोरासमोर बसवलं, तक्ता मधे ठेवला आणि म्हटलं, चौथी ओळ तुम्ही दोघांनी मिळून सांगा, मी लिहितो. ते बराच वेळ तक्त्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "राहू द्या, आहे तेच ठेवा." तो तक्ता अजून तीन ओळींचाच आहे.